उतारवयातील थायरॉईड आणि हृदयाचे बिघडलेले ठोके : आप्पांच्या आजारपणावरून काही प्रश्न

पूर्वभागकर | ४ ऑगस्ट

नमस्कार. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, ७८ वर्षांचे आहेत. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर जॉबर म्हणून त्यांनी पस्तीस वर्षे काढली. त्यांचे दुखणे हृदयाचे आहे असे आम्ही धरून चाललो होतो. ते मुळात गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचे निघाले आणि हे कळायला सहा महिने गेले. ते सहा महिने कसे गेले हे सविस्तर लिहितो, कारण आमच्यासारखीच चूक आणखी एखाद्या घरात आत्ता चालू असण्याची शक्यता मला दाट वाटते.

संक्रांतीला आप्पा दरवर्षी सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांबरोबर ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला जातात. यंदा बाराबंदी, म्हणजे यात्रेचा पांढरा पोशाख, अंगात घातली तेव्हा ती खांद्यावरून उतरत होती. आई म्हणाली, धुण्यात सैल झाली असेल. (सुती कापड धुण्यात आटते, सैल होत नाही, एवढे तरी कापडावर जगलेल्या घराला कळायला हवे होते.) प्रदक्षिणा अर्ध्यावर सोडून ते रिक्षाने घरी आले. पुढच्या दोन महिन्यांत त्यांचे बोलणे कमी झाले, सकाळचा पेपर घडी न मोडता पडून राहू लागला, भूक मंदावली, पोट साफ होईनासे झाले. थायरॉईड वाढला, म्हणजे ग्रंथी जादा संप्रेरक सोडू लागली, की माणूस अस्वस्थ होतो, त्याला सारखा घाम येतो, हात थरथरतात आणि खा-खा सुटते, असे मी ऐकून होतो. आप्पांचे सगळेच उलटे होते, त्यामुळे तो विचार कोणाच्या मनाला शिवलाही नाही. वयोमान, असे म्हणून आम्ही मोकळे झालो.

मे महिन्यात पारा ४३ अंशांवर असताना त्यांच्या पावलांवर सूज आली आणि माडीचा जिना चढताना दम लागू लागला. दवाखान्यात नाडी १४० भरली, तीही वेडीवाकडी. ईसीजीमध्ये एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची ताल सोडून होणारी थरथर, दिसली. टू-डी इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डावा वरचा कप्पा मोठा झालेला आणि पंपिंग ४० टक्क्यांवर आलेले आढळले. लघवीची गोळी सुरू झाली, सूज उतरली. नाडी आवरण्यासाठी डिगॉक्सिन दिले, तरी ती १२० च्या खाली यायला तयार नव्हती. असे पाच आठवडे गेले. मग दुसऱ्या एका डॉक्टरांनी आप्पांना समोर बसवून पाण्याचा घोट गिळायला सांगितला, गळ्याकडे नीट पाहिले आणि टीएसएच (थायरॉईडला काम करायला लावणारे मेंदूकडचे संप्रेरक; थायरॉईड वाढला की ते खाली जाते, कमी झाला की वर) तपासायला लावले. ते ०.०१ पेक्षा कमी आले, फ्री टी-४, म्हणजे थायरॉईडचे रक्तातले संप्रेरक, नॉर्मलच्या दुपटीच्या आसपास. सोनोग्राफीत ग्रंथीमध्ये लहानमोठ्या बऱ्याच गाठी आढळल्या.

आता डिगॉक्सिनच्या जोडीला थायरॉईड आवरणारे कार्बिमाझोल २० मिलिग्रॅम, ठोके मंदावणारा मेटोप्रोलॉल हा बीटा ब्लॉकर आणि रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन चालू आहे. माझे प्रश्न असे की, थायरॉईड आटोक्यात आला म्हणजे ठोके आपोआप ताळ्यावर येतात का. या वयात ग्रंथी आटवण्यासाठी किरणोत्सारी आयोडीन द्यावे का. आणि खाण्यापिण्यात फरक नसताना दर पंधरा दिवसांनी आयएनआर (रक्त किती पातळ झाले याचा आकडा) का बदलतो?


निवृत्त_भिषक | ४ ऑगस्ट

आपण वर्णन केलेल्या चित्राला वैद्यकशास्त्रात जुने नाव आहे. अमेरिकी शल्यविशारद फ्रँक लेही यांनी १९३१ मध्ये अशा निरुत्साही, सुस्त दिसणाऱ्या थायरॉईडवाढीचे वर्णन केले. तरुण रुग्णाचे शरीर वाढलेल्या संप्रेरकाला आरडाओरडा करून उत्तर देते. वृद्ध शरीर मुकाट्याने झिजते आणि बोलते ते फक्त हृदय. त्यामुळे वजन घटणे, मरगळ आणि अनियमित नाडी या तीन गोष्टी साठीनंतर एकत्र दिसल्या तर टीएसएच त्याच दिवशी पाठवावे, असे मी माझ्या कनिष्ठांना सांगत आलो. एट्रियल फिब्रिलेशन नव्याने आढळले की थायरॉईड तपासणे हा नेहमीच्या तपासण्यांचाच भाग आहे. आपल्याकडे तो पाच आठवडे राहून गेला, हे दुर्दैव.

आता यंत्रणा समजून घ्या. टी-३ हे थायरॉईडचे संप्रेरक हृदयाच्या स्नायूपेशींत थेट शिरून त्यांच्या जनुकांचे काम बदलते, त्यामुळे ठोके वाढतात आणि वरच्या कप्प्यांच्या पेशींचा विसाव्याचा काळ आखूड होतो. विसावा आखूड झाला की भलत्या जागी उठलेली एखादी ठिणगी सगळ्या कप्प्यात पसरते. त्याच वेळी शरीरभरच्या रक्तवाहिन्या सैलावतात, मूत्रपिंडे मीठ-पाणी धरून ठेवतात आणि पंपाला दिवसरात्र जादा पाळी करावी लागते. आप्पांच्या भाषेत सांगायचे तर कित्येक महिने माग दुप्पट वेगाने चालला आणि कोणी तेलही घातले नाही.

डिगॉक्सिन का चालले नाही, याचे उत्तरही यातच आहे. थायरॉईड वाढलेला असताना ते औषध शरीरातून लवकर बाहेर जाते आणि वरच्या कप्प्यांतून खाली ठोके पोहोचवणाऱ्या हृदयातल्या केंद्रावर त्याची पकड ढिली पडते. अशा वेळी खरे काम बीटा ब्लॉकर करतो. मात्र एक सावधगिरी हवी. थायरॉईड उतरू लागला की तीच डिगॉक्सिनची मात्रा जास्त ठरू शकते, विशेषतः क्रिएटिनिन वाढलेले, म्हणजे मूत्रपिंडे मंदावलेली असतील तर. मळमळ होऊ लागली, अन्नावरची वासना गेली, दृष्टीला पिवळसर झाक आली, तर डॉक्टरांना तत्काळ कळवा.

आयएनआरचेही असेच आहे. थायरॉईड जोरात असताना रक्त गोठवणारे घटक शरीरात लवकर मोडीत निघतात, म्हणून थोड्या वॉरफरिननेही रक्त पुरेसे पातळ होते. कार्बिमाझोल लागू पडू लागले की ते घटक टिकू लागतात आणि वॉरफरिन वाढवावे लागते. आप्पांच्या पथ्यात काही चुकले, असा त्याचा अर्थ नव्हे. मेथी, पालक बंद करू नका, रोजचे प्रमाण सारखे ठेवा. आयएनआरचे लक्ष्य २ ते ३. रक्त पातळ ठेवणे टाळण्याजोगे आहे का, असे कोणी विचारील म्हणून सांगतो. या तालभंगात गुठळी होऊन पक्षाघात होण्याचा धोका गुणांनी मोजतात : वय ७५ च्या पुढे म्हणून २ गुण, हृदय कमकुवत म्हणून १, रक्तदाब असल्यास आणखी १. दोन गुणांवरच पुरुष रुग्णात हे औषध सुचवले जाते, मग इथे प्रश्नच उरत नाही. थायरॉईड बरा झाला एवढ्यावरून ते स्वतःहून थांबवू नका.

ठोके आपोआप ताळ्यावर येतात का? थायरॉईडमुळे तालभंग झालेल्या रुग्णांपैकी साधारण दोन-तृतीयांशांमध्ये संप्रेरके आटोक्यात आल्यावर काही महिन्यांत ताल परत येतो. डावा कप्पा मोठा झालेला असेल आणि वय जास्त असेल तर ती आशा कमी करावी लागते. विजेचा धक्का देऊन ताल आणण्याची घाई थायरॉईड आटोक्यात येण्याआधी करत नाहीत, कारण तो टिकत नाही; सामान्यतः चार महिने तरी वाट पाहतात.

आणखी एक, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचे. कार्बिमाझोल चालू असताना ताप आला किंवा घसा दुखू लागला तर गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशींची तपासणी करून घ्या. क्वचित घडते, पण घडले तर जिवावर बेतते. ‘सर्दीच आहे’ म्हणून दोन दिवस थांबू नका.


जुळे_सोलापूर | ५ ऑगस्ट

आमच्याकडे हेच उलट्या बाजूने घडले. आईला वीस वर्षांपासून थायरॉईड कमी असल्याचे निदान होते आणि ती रोज १०० मायक्रोग्रॅमची थायरॉक्सिनची गोळी घेत होती. मात्रा पन्नाशीत ठरली, तेव्हा तिचे वजन ६८ किलो होते. ती बहात्तर वर्षांची झाली, वजन ५४ वर आले, पण गोळी तीच राहिली. औषधाच्या दुकानात जुनी चिठ्ठी दाखवली की डबी मिळायची, म्हणून तपासणी तीन वर्षे झालीच नाही. यात दोष कोणाला द्यावा? चिठ्ठी घेऊन जाणारी मीच होते.

एका रात्री तिला छातीत फडफडल्यासारखे झाले. तपासणीत एट्रियल फिब्रिलेशन आणि टीएसएच ०.०५ निघाले. म्हणजे ग्रंथी थकलेलीच होती, पण बाहेरून दिलेले संप्रेरक तिच्या आताच्या शरीराला जास्त होत होते. मात्रा ७५ वर आणली, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासले, मग ६२.५ वर स्थिरावली. तिचा ताल तीन महिन्यांत परत आला. त्याच वेळी केलेल्या चाचणीत हाडेही ठिसूळ निघाली, तेही जादा गोळीचेच देणे असावे असे डॉक्टरांचे मत पडले.

मला विचारायचे आहे ते असे : आईला तंबाखूच्या धुळीने जुना दमा आहे, लग्नाआधी ती बिड्या वळायची. अशा व्यक्तीला बीटा ब्लॉकर चालतो का?


निवृत्त_भिषक | ५ ऑगस्ट

ताई, आपण जे लिहिले ते फार मोलाचे आहे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे साठीपुढच्या २,००७ लोकांचा दहा वर्षे मागोवा घेतला गेला आणि त्याचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांचे टीएसएच ०.१ किंवा त्याहून कमी होते, त्यांच्यापैकी २८ टक्क्यांना दहा वर्षांत एट्रियल फिब्रिलेशन झाले. टीएसएच नॉर्मल असलेल्यांत हे प्रमाण ११ टक्के होते. त्या कमी टीएसएचवाल्यांत गोळी घेणारेही होते. टीएसएच खाली ग्रंथीमुळे गेले की गोळीमुळे, हृदयाला फारसा फरक पडत नाही.

दमा असल्यास प्रोप्रॅनोलॉल नको. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल ही हृदयावर अधिक केंद्रित औषधे सौम्य दम्यात जपून देता येतात. दमा तीव्र असेल तर डिल्टिआझेमचा मार्ग असतो, मात्र ते आप्पांसारख्या पंपिंग घटलेल्या रुग्णाला देत नाहीत. म्हणून एकाची चिठ्ठी दुसऱ्याने वापरू नये, अगदी सख्ख्या भावंडांतही.


मंगळवेढ्याची_ज्वारी | ५ ऑगस्ट

हे सगळे आयोडीनच्या मिठाने होते, असे आमच्याकडे एक वैद्य सांगतात. आम्ही वर्षभरापासून सैंधव वापरतो. आप्पांनाही तेच द्यावे असे सुचवतो.


निवृत्त_भिषक | ६ ऑगस्ट

या मुद्द्यात अर्धे तथ्य आहे, म्हणूनच तो अडचणीचा आहे. वर्षानुवर्षे आयोडीन कमी मिळालेल्या माणसाच्या ग्रंथीत गाठी होतात आणि त्या गाठींना पुढे अचानक भरपूर आयोडीन मिळाले तर त्या बेबंद संप्रेरक सोडू लागतात. हे खरे आहे. पण आपल्या देशात गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम १९६२ पासून आहे आणि खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यावर २००६ पासून पुन्हा बंदी आहे, ती गर्भातल्या बाळांच्या मेंदूसाठी. घरात सुना-नातवंडे एकाच डब्यातले मीठ खातात. आजोबांच्या गाठीसाठी सगळ्या घराचे मीठ बदलणे मला पटत नाही आणि आप्पांच्या गाठी सैंधवाने विरणारही नाहीत.

मिठाबद्दल बोलायचेच तर आयोडीनबद्दल नको, मिठाबद्दलच बोलू. हृदय थकलेल्या माणसाच्या पायावरची सूज मिठाने वाढते. कडक भाकरीबरोबर शेंगाचटणी, लोणचे आणि पापड हे आपल्या ताटातले तीन चोर आहेत. शेंगाचटणी आमच्या घरी आता बिनमिठाची कुटतात. सुरुवातीला मला ती खोबऱ्याचा भुसा खाल्ल्यासारखी लागली, आता चालते.


होटगी_रोड | ६ ऑगस्ट

आमच्या मामांचे प्रकरण तिसऱ्याच प्रकारचे आहे. त्यांना ठोक्यांसाठी दोन वर्षे अमिओडारोन ही गोळी चालू होती आणि तिने ठोके उत्तम राहिले होते. मग अचानक पुन्हा धडधड सुरू झाली, वजन सहा किलोंनी घटले. हृदयाच्या औषधानेच थायरॉईड बिघडू शकतो, हे आम्हाला कोणी आधी सांगितले नव्हते. गोळी बंद करून तीन आठवडे झाले तरी थायरॉईड वाढलेलाच आहे. असे का?


निवृत्त_भिषक | ६ ऑगस्ट

अमिओडारोनच्या वजनाचा ३७ टक्के भाग आयोडीनचा असतो. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत ७५ मिलिग्रॅम आयोडीन असून त्यातले सुमारे सहा-सात मिलिग्रॅम रोज शरीरात मोकळे होते. माणसाची गरज आहे दिवसाला १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे हे तिच्या चाळीसपट झाले. शिवाय हे औषध चरबीत साठून राहते आणि निम्मे बाहेर पडायलाच महिना-दोन महिने, कधी त्याहून अधिक लागतात. म्हणून तीन आठवड्यांत फरक दिसला नाही. आपण ती गोळी डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच थांबवली असेल असे धरतो, कारण काही रुग्णांत ताल सांभाळण्यासाठी ती चालूच ठेवून थायरॉईडवर उपचार करावे लागतात.

यात दोन प्रकार असतात. एकात आयोडीनच्या जोरावर ग्रंथी जादा संप्रेरक बनवते, त्यावर कार्बिमाझोल चालते. दुसऱ्यात औषधाने ग्रंथीला इजा होऊन साठवलेले संप्रेरक सांडते, त्यावर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड लागते. बरेचदा दोन्हींची सरमिसळ असते. डॉप्लर सोनोग्राफीत ग्रंथीतला रक्तप्रवाह पाहून अंदाज येतो. हे काम एकट्या हृदयतज्ज्ञाचे किंवा एकट्या थायरॉईडतज्ज्ञाचे नाही, दोघांना एका कागदावर आणणे हे नातेवाइकांचे काम. अमिओडारोन सुरू करण्यापूर्वी आणि नंतर दर सहा महिन्यांनी टीएसएच तपासावे, हे मात्र कोणीही लक्षात ठेवू शकतो.


सात_रस्ता | ८ ऑगस्ट

माझी आजी ८१ वर्षांची आहे. तिचे टीएसएच ६.८ आले, फ्री टी-४ नॉर्मल आहे. तिला दहा वर्षांपूर्वी स्टेंट बसवला आहे. प्रयोगशाळेच्या कागदावर ६.८ समोर ठळक अक्षरांत ‘वाढलेले’ असे छापून आल्यापासून घरात काळजीचे वातावरण आहे. गोळी सुरू करावी का?


निवृत्त_भिषक | ८ ऑगस्ट

टीएसएच वयानुसार वाढते. ऐंशीच्या घरातल्या निरोगी माणसात ६ ते ७ हा आकडा पुष्कळदा वयाचाच असतो, पण कागदावरची मर्यादा सगळ्या वयांना एकच छापलेली असते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रस्ट या चाचणीत ६५ वर्षांवरील ७३७ लोकांना, ज्यांचे टीएसएच किंचित वाढलेले आणि टी-४ नॉर्मल होते, निम्म्यांना थायरॉक्सिन आणि निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी दिली. थकवा असो वा इतर त्रास, दोन्ही गटांत फरक दिसला नाही. तेव्हा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. नुकताच ताप किंवा मोठे आजारपण झाले असेल तरी आकडा तात्पुरता हलतो. केसांसाठी बायोटिनची गोळी चालू असेल तर तपासणीच्या दोन दिवस आधी थांबवा, तिने अहवाल फसवा येतो.

टीएसएच १० च्या वर आणि टी-४ खरोखरच कमी असेल, तर मात्र उपचार हवेतच. थायरॉईड कमी असल्याने कोलेस्टेरॉल वाढते, नाडी मंदावते, हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साठू शकते. असा रुग्ण स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, घेत असेल तर स्नायूदुखी अधिक होते, आणि दोष स्टॅटिनच्या माथी जातो. पण हृदयरोगी वृद्धाला पूर्ण मात्रा एकदम देणे धोक्याचे, कारण निवांत चालणाऱ्या हृदयाची प्राणवायूची मागणी अचानक वाढते आणि अरुंद रक्तवाहिन्या ती पुरवू शकत नाहीत; छातीत दुखू लागते. सुरुवात १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमने, आणि वाढ चार ते सहा आठवड्यांनी थोडीथोडी. घाई करून उपयोग नाही, थायरॉक्सिनचा निम्मा अंश शरीरात सात दिवस टिकतो, नवी मात्रा रक्तात स्थिरावायलाच पाच-सहा आठवडे लागतात.


सात_रस्ता | ८ ऑगस्ट

आभारी आहे. आजी पहाटे उठल्याबरोबर चहा घेते आणि सगळ्या गोळ्या एकदमच गिळते. पुढे थायरॉक्सिन लागलेच तर ती सवय मोडावी लागेल का?


जुळे_सोलापूर | ९ ऑगस्ट

हो, मोडावी लागेल. आमची आई गोळी उशाशी ठेवते, पहाटे जाग आली की पाण्याबरोबर घेते आणि चहा अर्ध्या-पाऊण तासाने. कॅल्शियमची आणि लोहाची गोळी दुपारच्या जेवणानंतर, म्हणजे मध्ये चार तास जातात. एकादशीलाही गोळी पाण्याबरोबर चालते, यावरून आमच्याकडे बराच वाद झाला होता, शेवटी आईनेच निकाल दिला की औषधाने उपास मोडत नाही.


पूर्वभागकर | १९ ऑक्टोबर

सर्वांचे आभार, उशिरा लिहितो आहे. कार्बिमाझोल सुरू झाल्यावर आठ आठवड्यांनी फ्री टी-४ नॉर्मल आला, पण टीएसएच ०.०२ च होते. तो कागद पाहून आम्ही हबकलो होतो. डॉक्टरांनी समजावले की दीर्घकाळ दबलेले टीएसएच वर यायला काही महिने घेते, तोवर मात्रा टी-४ पाहूनच ठरवायची. वॉरफरिन २ मिलिग्रॅमवरून टप्प्याटप्प्याने ३.५ वर गेले, अगदी आपण म्हणालात त्या क्रमाने. डिगॉक्सिन बंद केले. नाडी आता ८४ च्या आसपास असते, पण ताल परतलेला नाही. पंपिंग ५० टक्क्यांवर आले, पायांची सूज गेली, वजन तीन किलोंनी वाढले. पेपर पुन्हा उघडला जातो आणि बाजारभावावर टीकाही होते.

मध्यंतरी एका ठिकाणी अँजिओग्राफीचा सल्ला मिळाला होता. आमच्या डॉक्टरांनी ती तूर्त पुढे ढकलली. तिच्यात वापरल्या जाणाऱ्या द्रव्यात भरपूर आयोडीन असते, त्याने गाठी पुन्हा भडकू शकतात आणि किरणोत्सारी आयोडीन ग्रंथीत पुरेसे शोषले जाण्यासाठी पुढे काही आठवडे थांबावे लागले असते. छातीत दुखत असते तर निर्णय वेगळा झाला असता, असेही त्यांनी सांगितले. गाठी असलेल्या ग्रंथीत कार्बिमाझोल बंद केले की दुखणे परत येतेच, आणि या वयात शस्त्रक्रियेपेक्षा किरणोत्सारी आयोडीन सोसायला सोपे, म्हणून तोच मार्ग ठरला आहे.


निवृत्त_भिषक | १९ ऑक्टोबर

योग्य निर्णय. आयोडीन दिल्यावर ग्रंथीतून काही दिवस साठलेले संप्रेरक सांडते, म्हणून मेटोप्रोलॉल एक दिवसही चुकवू नका. कार्बिमाझोल आधी किती दिवस थांबवायचे आणि नंतर पुन्हा केव्हा सुरू करायचे हे लेखी घ्या. सहा आठवड्यांनी टी-४ तपासा. ग्रंथी पुढे मंदावली तर थायरॉक्सिन सुरू होईल, आणि तेव्हा वॉरफरिनचा हिशेब पुन्हा उलटा फिरेल.


पूर्वभागकर | २० ऑक्टोबर

लिहून घेतले. पाच दिवस आधी कार्बिमाझोल बंद करायचे आहे. पुण्याची तारीख नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली मिळाली, हुतात्मा एक्सप्रेसची दोन तिकिटे काढली. घरात तीन वर्षांचा नातू आहे आणि तो आप्पांच्या मांडीवरून उतरत नाही, म्हणून परतल्यावर किरणोत्सारामुळे लहान मुलांपासून दूर राहण्याचे सांगितलेले दिवस पूर्ण होईपर्यंत त्याला अक्कलकोटला मामाकडे ठेवणार आहोत. हे आप्पांना अजून सांगितलेले नाही.